वादळाची रेष आणि बडोद्याचं पाणी

२०२४ च्या ३० ऑगस्टला कच्छच्या किनाऱ्यालगत अरबी समुद्रावर एका चक्रीवादळाचं बारसं झालं. नाव ठेवलं 'असना', पाकिस्तानने सुचवलेलं. ऑगस्टात अरबी समुद्रावर चक्रीवादळ होणं फार दुर्मीळ, त्याआधीचं १९७६ मधलं. त्यामुळे टीव्हीवाल्यांनी तो विषय दोन दिवस चांगला चघळला. इकडे बडोद्यात मात्र समा, फतेहगंज, अकोटा भागातली मंडळी घरातला चिखल उपसत होती. शहरातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीने २५ फुटांची धोक्याची पातळी केव्हाच ओलांडून ३५ फुटांच्याही वर मजल मारली होती. हे करणारी प्रणाली हीच. फक्त आपल्या डोक्यावरून जाताना ती चक्रीवादळ नव्हती, त्याच्या एक पायरी खालचं 'डीप डिप्रेशन' होती. पूर्वेकडून जमिनीवरून सरकत आली, गुजरातवर रेंगाळली, मनसोक्त बरसली आणि समुद्रावर गेल्यावर तिला बढती मिळाली.

असं कसं? तर डिप्रेशन, डीप डिप्रेशन, चक्रीवादळ, तीव्र चक्रीवादळ ही सगळी उतरंड फक्त वाऱ्याच्या वेगावर बेतलेली आहे. ताशी ६२-६३ किलोमीटरच्या वर वारा गेला की चक्रीवादळ आणि नाव. ११८ च्या वर अतितीव्र. २२२ च्या वर सुपर सायक्लोन. पाऊस किती पडणार, समुद्र किती फुगणार, नदी कुठवर चढणार, यातलं काहीही या श्रेणीत मोजलेलं नसतं. खंबातच्या आखातापासून सरळ रेषेत साठेक किलोमीटर आत असलेल्या आपल्या शहराला वाऱ्यापेक्षा पाण्याची भीती जास्त. तेव्हा टीव्हीवर वादळाचा मार्ग दाखवणाऱ्या त्या लाल रेषेकडे टक लावून बसण्याआधी ती रेष येते कुठून, तिच्यात काय असतं आणि काय नसतं, हे पाहू.

सुरुवात मोजण्यापासून. वादळ जन्मतं भर समुद्रात, जिथे हवामान केंद्र नाही की माणूस नाही. १८८८ च्या नोव्हेंबरात 'वैतरणा' ही आगबोट, जिला काठेवाडात 'वीजळी' म्हणून ओळखत, मांगरोळच्या आसपास सातशेहून अधिक माणसांसह वादळात गडप झाली. हवामान खातं १८७५ मध्येच स्थापन झालं होतं, पण समुद्रावर काय चाललंय हे कळायला तेव्हा एकच साधन: तिकडून जिवंत परत आलेलं जहाज.

आज पहिली खबर उपग्रह देतो. इन्सॅट मालिकेतले आपले हवामान उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर राहून भारताकडे अखंड नजर लावून असतात. त्यातला सर्वांत नवा इन्सॅट-३डीएस फेब्रुवारी २०२४ मध्ये सोडला. एक उपग्रह अर्ध्या तासाला एक चित्र देतो, दोघांच्या वेळा मागेपुढे लावल्या की पंधरा मिनिटांना एक. पण हा उपग्रह वारा मोजत नाही, ढग दाखवतो. मग 'वारा ताशी १४० किलोमीटर' हा आकडा कुठून येतो?

इथे एक मजेशीर पद्धत आहे. व्हर्नन ड्व्होरॅक नावाच्या अमेरिकी हवामानतज्ज्ञाने १९७० च्या दशकात असं दाखवलं की ढगांच्या मांडणीवरून वादळाचा जोर बऱ्यापैकी ओळखता येतो. ढगांचे पट्टे मध्याभोवती किती वळले आहेत, डोळा दिसतो का, डोळ्याभोवतीच्या ढगांचे माथे किती थंड आहेत, हे पाहून वादळाला १ ते ८ मधला एक क्रमांक द्यायचा. त्याला टी-नंबर म्हणतात. टी ४ म्हणजे साधारण १२० किलोमीटरचा वारा, साडेचार म्हणजे १४० च्या पुढे, ५ म्हणजे १६५ च्या पुढे. आता एकच चित्र दोन अनुभवी माणसांसमोर ठेवलं तर त्यांच्यात अर्ध्या क्रमांकाचा फरक पडणं अगदी स्वाभाविक आहे. म्हणजे वीस-बावीस किलोमीटरचा फरक. बातमीत तो आकडा तराजूत तोलून दिल्यासारखा येतो, पण मुळात तो जाणकाराचा कौल असतो. अमेरिकेत वादळाच्या पोटात विमानं पाठवून प्रत्यक्ष मोजणी होते. आपल्या समुद्रावर अशी नेहमीची व्यवस्था नाही.

या कौलाला आधार देणारी आणखी साधनं आहेत. ओशनसॅटसारख्या उपग्रहांवर स्कॅटरोमीटर असतो. तो समुद्रावर रडारच्या लहरी टाकतो, वाऱ्याने पाण्यावर उठलेल्या बारीक तरंगांवरून त्या परत येतात, आणि त्यावरून वाऱ्याचा वेग नि दिशा काढतात. चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेचे तरंगते बोये समुद्रात नांगरून ठेवलेले आहेत. वादळ नेमकं त्यांच्या जवळून गेलं तर हवेचा दाब आणि लाटांची उंची थेट मिळते. आणि जमिनीवरून रोज पहाटे नि संध्याकाळी, साडेपाचच्या वेळेला धरून, देशभर ठिकठिकाणाहून फुगे सोडतात. फुगा तीसेक किलोमीटर वर जाईपर्यंत तापमान, ओलावा आणि वारा कळवत राहतो. जगभर हे फुगे एकाच घटकेला सोडतात, म्हणून वेळ ठरलेली.

किनाऱ्याच्या टप्प्यात वादळ आलं की डॉप्लर रडार कामाला लागतं, उदाहरणार्थ भुजचं. थेंबांचा आकार नि संख्या यावरून पाऊस, आणि थेंब रडारकडे येताहेत की दूर चाललेत त्यावरून वारा. पण रडारचा किरण सरळ जातो आणि पृथ्वी त्याच्याखालून वळत जाते. अगदी खालच्या कोनात सोडलेला किरणही २०० किलोमीटरवर पोचेपर्यंत जमिनीपासून जवळजवळ चार किलोमीटर वर गेलेला असतो. त्याच्या खाली काय चाललंय ते त्याला दिसतच नाही.

वाऱ्याच्या आकड्याबद्दल आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण वादळाच्या दिवसांत सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यावरून दरवेळी जुंपते. कोणीतरी अमेरिकी साइटचा स्क्रीनशॉट टाकतो: 'बघा, ते १५० म्हणतात आणि आपलं खातं १३०. लपवताहेत!' लपवत कोणी नाही. आपलं खातं तीन मिनिटांच्या सरासरीचा वारा सांगतं, अमेरिकी केंद्र एका मिनिटाच्या. मिनिटं जितकी कमी तितका सरासरीचा आकडा मोठा निघतो, कारण वाऱ्याचा क्षणभराचा झोत सरासरीत विरून जात नाही. शिवाय आपल्या पत्रकात 'झोत अमुक इतका' हे वेगळं दिलेलं असतंच. पत्रे उडवतो तो झोत. आणि वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो: ६० चा १२० झाला तर खिडकीवरचा जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो.

आता अंदाज. जगातलं सगळं वातावरण उभ्या-आडव्या चौकटींत कापायचं, प्रत्येक चौकटीला दाब, तापमान, ओलावा, वारा असे आकडे द्यायचे, आणि भौतिकशास्त्राची समीकरणं लावून पुढच्या काही मिनिटांत प्रत्येक आकडा किती बदलेल ते काढायचं. मग त्याच्या पुढच्या काही मिनिटांचं. असं करत पाच-दहा दिवस पुढे जायचं. या गणिताला मॉडेल म्हणतात आणि त्याला प्रचंड गणनशक्ती लागते. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचा 'अर्क' आणि नोएडाचा 'अरुणिका' हे महासंगणक २०२४ मध्ये यासाठीच सुरू झाले. चौकट जितकी लहान तितकं चित्र बारीक. आपलं मुख्य जागतिक मॉडेल बरीच वर्षं १२ किलोमीटरच्या चौकटीवर चालत होतं. मे २०२५ मध्ये सुरू झालेली 'भारत फोरकास्ट सिस्टीम' सहा किलोमीटरवर आली. तरीही गडगडाटी ढगाचा गाभा यापेक्षा लहान असू शकतो. तो मॉडेलला थेट दिसत नाही, त्याचा परिणाम हिशेबात घालावा लागतो, आणि चुका बऱ्याचशा तिथून शिरतात. उरलेल्या शिरतात सुरुवातीच्या आकड्यांतून, कारण समुद्रावरचे कित्येक आकडे मोजलेले नसून अंदाजलेले असतात.

म्हणून आता एकच गणित करून थांबत नाहीत. सुरुवातीचे आकडे किंचित इकडे-तिकडे करून तेच गणित वीस, तीस, पन्नास वेळा करतात. सगळ्या उत्तरांचे मार्ग एकमेकांना चिकटून निघाले तर खात्रीने बोलता येतं. फाकले तर सांभाळून.

जून २०२३ चं बिपरजॉय आठवतं ना? ६ जूनला झालेलं वादळ १५ जूनच्या रात्री जखौ बंदराजवळ किनाऱ्याला लागलं. चक्रीवादळ स्वतःच्या पायांनी चालत नाही. भोवतालची मोठी हवा त्याला वाहून नेते. बिपरजॉयच्या दोन्ही बाजूंना जास्त दाबाची क्षेत्रं होती आणि दोघांचीही ओढ कमजोर, त्यामुळे ते रेंगाळत, दिशा बदलत वर सरकलं. पहिल्या काही दिवसांत कोणी ओमानकडे दाखवत होतं, कोणी पाकिस्तानकडे, कोणी कच्छकडे. लोक म्हणाले, 'यांना काही कळत नाही.' खरं तर मॉडेलं फाकली होती हीच त्या दिवशीची सगळ्यात मोलाची माहिती होती: आत्ता खात्री नाही, दोन दिवस थांबा. ओढ स्पष्ट झाली तशी उत्तरंही जवळ आली आणि किनाऱ्यावरून लाखाच्या आसपास लोकांना वेळेवर हलवता आलं. १९९८ च्या ९ जूनला पोरबंदरजवळ येऊन कांडल्याला झोडपून गेलेल्या वादळात सरकारी आकड्यानुसारच हजाराहून जास्त माणसं गेली होती. ओडिशात १९९९ च्या सुपर सायक्लोनमध्ये दहा हजारांच्या आसपास. २०१३ च्या फायलिनमध्ये जवळपास दहा लाख लोक आधी हलवले आणि बळी शंभराच्याही आत राहिले. ही कमाई अंदाजाची आणि तो ऐकून हलणाऱ्यांचीही.

नकाशावर रेषेभोवती पुढे पुढे रुंदावत जाणारा पट्टा असतो. तो मागच्या काही वर्षांत अंदाज सरासरी किती चुकला त्यावरून काढतात. चोवीस तास आधी सांगितलेली जागा आणि वादळाची प्रत्यक्ष जागा यांत हल्ली सरासरी शंभर किलोमीटरहून कमी अंतर पडतं. तीन दिवस आधीच्या अंदाजात ते बरंच जास्त. म्हणजे वादळाचा मध्य त्या पट्ट्यात कुठेही असू शकतो. रेष ही फक्त पट्ट्याची मधली खूण. आणि दुसरं, जे फार जण चुकीचं वाचतात: पट्टा म्हणजे वादळाचा आकार नव्हे. 'आपण पट्ट्याबाहेर आहोत' याचा अर्थ 'आपल्याकडे पाऊस नाही' असा होत नाही. पावसाचे ढग मध्यापासून शेकडो किलोमीटर लांब असू शकतात.

इथवर वारा झाला. आता समुद्राचं पाणी.

बशीत चहा ओतून फुंकर मारली की चहा पलीकडच्या काठाला चढतो. वादळ समुद्राचं तेच करतं. वारा पाण्याला किनाऱ्याकडे रेटतो, पाणी परत जायला वाट शोधतं, आणि तळ उथळ असला तर ती वाट अपुरी पडते, मग पाणी साचत चढतं. याला स्टॉर्म सर्ज म्हणतात. खोल समुद्रात तो जाणवतही नाही. वाऱ्याचा वेग दुप्पट तर हा फुगवटा साधारण चौपट, आणि खोली निम्मी असेल तर दुप्पट. वादळाच्या मध्यात हवेचा दाब कमी असतो त्यानेही पाणी थोडं वर येतं, एक मिलिबार दाब उतरला की सुमारे एक सेंटिमीटर. ९५० मिलिबारच्या दणदणीत वादळातही हा हिस्सा साठेक सेंटिमीटरचा. खरी करामत वाऱ्याची.

आता खंबातच्या आखाताचा नकाशा डोळ्यासमोर आणा. तोंड रुंद, आत येईल तसं अरुंद आणि उथळ. दक्षिणेकडून आत शिरलेलं पाणी दोन्ही काठांमध्ये आवळत जातं. म्हणूनच भावनगरला भरती-ओहोटीत दहा-अकरा मीटरचा फरक पडतो, देशातल्या सगळ्यात मोठ्यांपैकी एक. अलंगला मोडीत काढायची जहाजं उधाणाच्या भरतीवर स्वार करून थेट किनाऱ्यावर चढवतात ती याच जोरावर. आणि बडोद्याच्या घराघरातून कधी ना कधी कोणी गेलेलं असतं ते कावी-कंबोईचं स्तंभेश्वर. जंबुसर तालुक्यात, मही जिथे समुद्राला मिळते तिथे. भरती आली की महादेव पाण्याखाली, ओहोटीला पुन्हा मोकळा, दिवसातून दोनदा. जायच्या आधी सगळे विचारतात तो प्रश्न एकच: आज दर्शन किती वाजता? आणि उत्तर बरोबर निघतं. पुढच्या दिवाळीतलं विचारलं तरी निघेल. चंद्र-सूर्याची गणितं पक्की असल्याने भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, अमावास्या-पौर्णिमेला उधाण येतं, अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती. त्याच पाण्यावर उठणारं वादळ मात्र पाच दिवस आधीही धड सांगता येत नाही. एकाच किनाऱ्यावर या दोन गोष्टी एकत्र येतात, आणि धोका त्यांच्या बेरजेत असतो.

बेरीज करून बघू. आकडे सोयीसाठी गोल घेतले आहेत. समजा पूर्ण ओहोटीला पाणी १ मीटरवर असतं आणि पूर्ण भरतीला १० मीटरवर. वादळाने २ मीटरचा सर्ज आणला. तो ओहोटीच्या वेळी आला तर पाणी ३ मीटर. कोणाच्या लक्षातही येणार नाही, कारण रोजच ते त्याच्या तिप्पट चढतं. तोच सर्ज भरतीच्या वेळी आला तर १२ मीटर, म्हणजे किनाऱ्याने सहसा न पाहिलेली उंची. दोन्हींमध्ये अंतर फक्त सहा तासांचं. मुंबई किंवा पुरीसारख्या ठिकाणी, जिथे भरती-ओहोटीचा फरक इतका नसतो, सर्जचा आकार महत्त्वाचा. खंबातच्या आखातात त्याची वेळ आकाराहून वरचढ ठरते. आणि वादळ किनाऱ्याला नेमकं किती वाजता लागणार, यात एक दिवस आधीच्या अंदाजातही काही तासांचा फरक पडतोच. म्हणून पत्रकात 'भरतीच्या पातळीपेक्षा इतके मीटर वर' असं लिहितात. भरतीची वेळ मात्र तुम्हालाच कोष्टकात बघावी लागते.

बाजूही पाहावी लागते. आपल्या गोलार्धात चक्रीवादळात वारे घड्याळाच्या उलट फिरतात. मे २०२१ मध्ये तौक्ते दिवच्या जवळ, ऊना भागात किनाऱ्याला लागून सौराष्ट्रावरून उत्तरेकडे गेलं. त्याच्या वाटेच्या उजव्या हाताला आखात होतं. त्या बाजूचे वारे दक्षिणेकडून, म्हणजे आखातात पाणी ढकलणारे. तेच वादळ आखाताच्या पूर्वेकडून गेलं असतं तर वारे उत्तरेकडून येऊन पाणी बाहेर लोटलं असतं. शे-दीडशे किलोमीटरच्या फरकाने चित्र उलटं होतं, आणि तीन दिवस आधीच्या अंदाजात तेवढी चूक आजही सहज बसते.

सर्ज मोजतात कसा, हे तर शाळकरी वजाबाकीसारखं आहे. बंदराच्या धक्क्यावर पाण्याच्या वर एक छोटं रडार टांगलेलं असतं. ते खाली पाण्यावर लहर सोडतं, ती परत यायला किती वेळ लागला त्यावरून पाण्याची उंची काढतं आणि दर काही मिनिटांनी उपग्रहामार्फत हैदराबादला कळवतं. तिथे इन्कॉइस ही संस्था आहे, १९९९ साली स्थापन झालेली. २००७ पासून त्सुनामीचा इशाराही तिथूनच निघतो. मोजलेल्या उंचीतून त्या घटकेची गणिताने काढलेली भरती वजा करायची. उरेल तो सर्ज. हीच उरलेली रेष एरवी शून्याच्या आसपास खुडबुडत असते आणि वादळ जवळ आलं की चढू लागते. मॉडेलने सांगितलेली रेष आणि ही प्रत्यक्ष रेष शेजारी ठेवली की मॉडेल कुठे घसरलं ते कळतं, आणि पुढच्या वेळेसाठी दुरुस्ती होते. तळाची खोली नीट माहीत नसेल तर मात्र कितीही मोठा महासंगणक लावा, सर्जचं गणित चुकतं. आणि या आखातात नद्यांचा गाळ इतका येतो की तळ बदलत राहतो. माझ्या मते पुढची सुधारणा नव्या महासंगणकापेक्षा तळाच्या ताज्या मोजणीतून जास्त मिळेल, पण तळ मोजायला निघालेल्या होडीचा फोटो वर्तमानपत्रात कोण छापणार!

समुद्राचं हे पाणी बडोदा शहरापर्यंत येत नाही. शहर पुरेसं उंचावर आहे. आपल्यावर येतं ते आकाशातलं आणि पावागढाकडचं.

२०१९ च्या ३१ जुलैला बडोद्यात एका दिवसात जवळपास ५०० मिलिमीटर पाऊस झाला. एक मिलिमीटर म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर. म्हणजे त्या दिवशी गच्चीच्या प्रत्येक चौरस मीटरवर ५०० लिटर पाणी ओतलं गेलं, टाकीभर. एका चौरस किलोमीटरवर ५० कोटी लिटर. हवामान खात्याच्या कोष्टकात २०४.४ मिलिमीटरच्या वरचा पाऊस 'अत्यंत मुसळधार' म्हणून शेवटच्या रकान्यात जातो. हा त्याच्या दुपटीहून जास्त. त्यापुढे रकानाच नाही. आणि मगरी सोसायट्यांत शिरल्याचे व्हिडिओ देशभर फिरले ते त्याच वेळी.

हे पाणी जातं कुठे? विश्वामित्री पावागढावर उगम पावते, आजवा आणि प्रतापपुऱ्याच्या तलावांतून सांडलेलं पाणी घेते, शहरातून नागमोडी वळणं घेत पुढे ढाढरला मिळते, आणि ढाढर खंबातच्या आखाताला. आजवा बांधला सयाजीराव महाराजांच्या काळात, शहराला प्यायचं पाणी मिळावं म्हणून. पूर अडवणं हे त्याचं मूळ कामच नव्हे. त्याच्या ६२ दरवाज्यांवरून पाणी सुटू लागलं की ते शहराकडेच येतं. पुढे ढाढरला देव धरणाकडून आलेला पूर असेल तर विश्वामित्रीचं पाणी तिच्यात उतरायला नाखूश, आणि इकडे शहरात ते तुंबतं. सपाट प्रदेश, वळणदार पात्र, काठाला भराव आणि बांधकामं. यात वादळाचा दोष किती आणि आपला किती, हा वाद बडोद्यात कुठल्याही ओट्यावर ऐकायला मिळेल. माझं मत भरावांच्या विरुद्ध आहे, एवढं सांगून पुढे जातो.

आता अंदाजाकडे परत या. वादळाची जागा चोवीस तास आधी ८० किलोमीटरच्या फरकाने सांगितली तर हवामानशास्त्रज्ञाची पाठ थोपटावी. पण पावागढ बडोद्यापासून पन्नासेक किलोमीटरवर. पावसाचा मुख्य पट्टा तेवढ्याने सरकला तर तेच पाणी विश्वामित्रीऐवजी महीत किंवा नर्मदेत जाईल. म्हणजे वादळाच्या मापाने जी चूक किरकोळ, ती आपल्या छोट्या नदीचं सगळं पाणलोट क्षेत्र ओलांडून जाते. 'बडोदा जिल्ह्यात तुरळक ठिकाणी अत्यंत मुसळधार' या वाक्यात 'तुरळक' म्हणजे जिल्ह्यातल्या पर्जन्यमापकांपैकी पाव भागापर्यंत. तो पाव भाग हालोलच्या बाजूचा निघाला तर शहराची झोप उडणार, पादऱ्याच्या बाजूचा निघाला तर बहुधा नाही. हे दोन दिवस आधी कोणीही सांगू शकत नाही. सांगितलंच कोणी, तर त्याचं चॅनेल बदला.

त्यामुळे बडोद्यासाठी अंदाज टप्प्याटप्प्याने वाचावा लागतो. चार-पाच दिवस आधी फक्त एवढंच पाहायचं की प्रणाली येते आहे का आणि तिचा वेग काय. वेगाकडे विशेष लक्ष. ताशी पाच-सात किलोमीटरने सरकणारं साधं डिप्रेशन ताशी वीसने निघून जाणाऱ्या चक्रीवादळापेक्षा जास्त पाऊस एकाच जागी ओततं. दोन दिवस आधी हवामान खात्याच्या इशाऱ्यातला जिल्ह्याचा रंग पाहायचा. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. बंदरावरचं तीन नंबरचं किंवा दहा नंबरचं सिग्नल गुजराती पेपरात मोठ्या अक्षरांत येतं, ते जहाजांसाठी असतं. शहरातल्या माणसाला त्याचा उपयोग नाही. त्याच दिवशी, शेवटच्या काही तासांत, रडारवर चालणारा तीन तासांचा तात्कालिक अंदाज सगळ्यात भरवशाचा. विजांसाठी पुण्याच्या आयआयटीएमचं 'दामिनी' ॲप आहे. देशात विजेने दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं दगावतात, त्यातली पुष्कळशी शेतात नि झाडाखाली, म्हणून ते फोनमध्ये असू द्यावं.

आणि पाऊस सुरू झाल्यावर आकाशाकडे कमी, दोन आकड्यांकडे जास्त बघायचं: आजव्याची पातळी आणि काळाघोड्याच्या पुलावरची विश्वामित्रीची पातळी. आजव्याचा आकडा दोनशे दहा-बारा फुटांचा असतो आणि काळाघोड्याचा वीस-पंचवीसचा. दोन्हींचं शून्य वेगवेगळं आहे, त्यांची तुलना करून घाबरू नये. आकड्याहून त्याची चाल महत्त्वाची. नदी १८ फुटांवर आहे आणि तासाला फूटभर चढतेय, हे २२ फुटांवर स्थिर असण्यापेक्षा वाईट. तळघरातली गाडी वर काढायची ती चढ दिसल्याबरोबर, पाणी गेटशी आल्यावर नव्हे. ऊन पडलं म्हणून ती लगेच परतही आणू नये: पावागढाकडचं आणि आजव्याचं पाणी शहरात पोचायला काही तास लागतात, तेव्हा नदीचा सगळ्यात मोठा आकडा बऱ्याचदा पाऊस थांबल्यानंतर येतो. काळाघोड्याची पातळी सलग दोन-तीन वेळा उतरलेली दिसेपर्यंत गाडी उंचावरच राहू द्या.